‘क्यू’चीं टिपणें : एका निनांवी संग्रहाचें परीक्षण

१. निनांवी लेखांचें परीक्षण करण्याचा प्रसंग इतिहाससंशोधकावर वारंवार येतो. कागद कोणी लिहिला, कोणास लिहिला व केव्हां लिहिला याचा उल्लेख त्यावर नसला, तर तेवढ्यावरून तो कोणी फेंकून देत नाहीं. अक्षराचें वळण, कागदाची जात, मायना, शिक्का, तिथिवारांचा मेळ इत्यादि साधनांनीं त्याचें स्थान ठरवावयाचें, आणि न ठरल्यास त्यास संशयितांच्या पुडक्यांत ठेवावयाचें, ही पद्धति आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. तीच पद्धति एका अगदीं अर्वाचीन निनांवी संग्रहास लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हा संग्रह अमेरिकेंतील असून ‘क्यू’ या एका अक्षराच्या सहीनें इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०१७ पासून डिसेंबर २०२० पर्यंत त्यांत सुमारें पांच हजार टिपणें जमलीं. विषय आपल्या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु या टिपणांचे वाचक स्वतःस संशोधक म्हणवितात. तुटक मजकूर जुळवावयाचा, तारखा ताडून पाहावयाच्या, प्रस्थापित इतिहासावर विश्वास ठेवावयाचा नाहीं, हा त्यांचा क्रम आहे. आणि ‘स्वतः संशोधन करा’ ही त्यांची मुख्य घोषणा आहे. ज्या नांवाखालीं आपण आयुष्य वेंचलें, तेंच नांव हे लोक घेतात. तेव्हां त्यांचें संशोधन तें संशोधन कीं नव्हे, हें सांगण्याची जबाबदारी आपणांवरही येते.

२. प्रथम संग्रहाची हकीकत. २८ ऑक्टोबर २०१७ रोजीं ‘फोरचॅन’ नांवाच्या एका चर्चाफलकावर पहिलें टिपण आलें. या फलकावर नांव न देतां लिहिण्याची मुभा असते. आपणांस अत्यंत गोपनीय सरकारी कागद पाहण्याचा अधिकार आहे, असें लेखक सुचवीत होता. अमेरिकेच्या ऊर्जाखात्यांत अशा अधिकाराच्या एका वर्गास ‘क्यू’ म्हणतात, त्यावरून ही सही. थोड्याच दिवसांत टिपणें ‘एटचॅन’ या दुसऱ्या फलकावर येऊं लागलीं. ऑगस्ट २०१९ मध्यें टेक्ससांतील एल पासो येथील हत्याकांडानंतर तो फलक बंद पडला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ‘एटकुन’ या नांवानें पुन्हां सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्यें टिपणें थांबलीं. जून २०२२ मध्यें कांहीं पुन्हां आलीं. टिपणांतील मुख्य कथा अशी कीं, मुलांवर अत्याचार करणाऱ्या बड्या लोकांचा एक गुप्त गट राज्य चालवीत आहे, अध्यक्ष ट्रंप त्याच्याशीं लढत आहेत, आणि लवकरच एका दिवशीं त्या सर्वांची धरपकड होणार आहे.

३. आतां लेखकाच्या मुद्रेविषयीं. हीं सर्व टिपणें एकाच्याच हातचीं, हें वाचकांस कशावरून समजत असे? या फलकांवर लेखकानें एक गुप्त शब्द दिला असतां यंत्र त्यापासून ठराविक रीतीनें दुसरी एक अक्षरमाला तयार करून लेखाच्या माथ्यावर उमटवितें. शब्द तोच असेल तर अक्षरमालाही तीच. म्हणजे ही एक प्रकारची मुद्राच होय, आणि मुद्रेस जे नियम आपण लावतों तेच हिलाही लागतात. मुद्रा सांचा कोणाच्या हातीं होता तें सांगत नाहीं. तो सांचा येथें उमटला एवढेंच सांगते. शिवाय हे गुप्त शब्द कच्चे असल्यामुळें इतरांनीं ते उकलले, आणि मुद्रा एकाहून अधिक वेळां बदलावी लागली. नवी मुद्रा जुन्याच लेखकाची, ही ग्वाही अखेर फलक चालविणारांनींच द्यावयाची. ज्या दुकानांत माल विकावयाचा त्याच दुकानदारानें मालाच्या अस्सलपणाचा दाखला द्यावा, असा हा प्रकार आहे. एखाद्या वतनपत्रावर असा दाखला घेऊन कोणी आपणांकडे आला असतां आपण तो ग्राह्य धरला नसता.

४. बाह्य प्रमाण असें दुबळें असल्यास अंतःप्रमाण पाहावें. पहिल्याच टिपणांत असें म्हटलें होतें कीं, हिलरी क्लिंटन या देशाबाहेर पळाल्यास त्यांस परत आणण्याची कित्येक देशांशीं व्यवस्था झाली आहे, ३० ऑक्टोबरपासून त्यांच्या पारपत्रावर खूण होणार आहे, आणि देशांत मोठ्या दंगली उसळतील. यांतलें कांहींच घडलें नाहीं. ज्या बखरकाराची पहिलीच तारीख चुकते त्याच्या पुढील तारखांकडे आपण सावधपणें पाहतों. येथें उलट झालें. शत्रूस चकविण्यासाठीं खोटी माहितीही आवश्यक असते, असा खुलासा टिपणांतूनच पुढें आला, आणि तो वाचकांस पटला. हा खुलासा एकदां मान्य केला म्हणजे भाकीत खरें ठरलें तरी लेखक खरा, आणि खोटें ठरलें तरी लेखक खराच. न्यायशास्त्रांत वादी कोठें हरतो हें दाखविणारीं बावीस निग्रहस्थानें सांगितलीं आहेत. मूळ प्रतिज्ञा अडचणींत येतांच दुसरी प्रतिज्ञा मांडणें हें प्रतिज्ञांतर, आणि हेतु लंगडा पडतांच नवा हेतु जोडणें हें हेत्वंतर. या दोहोंची उदाहरणें विद्यार्थ्यांस द्यावयाचीं असल्यास हा संग्रह पुरेसा आहे. फरक इतकाच कीं, वादसभेंत निग्रहस्थान आलें म्हणजे वाद संपतो; येथें तें आलें म्हणजे श्रद्धा वाढते.

५. टिपणांची रचनाही लक्षांत घेण्याजोगी आहे. त्यांपैकीं पुष्कळ टिपणें नुसत्या प्रश्नांचीं आहेत. अमका मनुष्य त्या दिवशीं कोठें होता? अमक्यानें राजीनामा कां दिला? उत्तर लेखक देत नाहीं. तें वाचकानें शोधावयाचें. स्वपक्ष न मांडतां नुसता परपक्ष पाडणाऱ्या वादास वितंडा म्हणतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथें वितंडेच्याही पुढचा प्रकार आहे. उत्तर वाचकानेंच काढलेलें असल्यामुळें तें त्यास स्वतःचें वाटतें, आणि स्वतः लावलेला शोध सोडण्यास मनुष्य सहसा तयार होत नाहीं. लेखकावर मात्र कशाचेंच उत्तरदायित्व येत नाहीं; त्यानें विधान कोठें केलें होतें? अनुयायी या टिपणांस भाकरीचे तुकडे म्हणत, आणि ते जुळवून देणारांस भटारी म्हणत. भाकरी अर्थातच ज्यानें भाजली त्याची.

६. हे तुकडे जुळविण्याची रीति कशी होती? इंग्रजी वर्णमालेंत ‘क्यू’ हें सतरावें अक्षर; म्हणून अध्यक्षांनीं भाषणांत सतरा हा आंकडा उच्चारला कीं तो संकेत. अध्यक्षांच्या संदेशाची वेळ व टिपणाची वेळ यांमध्यें अमुक मिनिटांचें अंतर पडलें कीं तो पुरावा. शब्दांतील अक्षरांस अंक देऊन बेरीज करावयाची, आणि दोन वाक्यांची बेरीज सारखी आली कीं त्यांचा अर्थही एकच. शब्दांत अंक दडविण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. शिलालेखांत व पोथ्यांच्या अखेरीस शक शब्दांनीं सांगितलेले असतात. रस, ख, बाण, शशी असें कोणी लिहिलें असतां सहा, शून्य, पांच, एक हे अंक उजवीकडून डावीकडे मांडून शके १५०६ असा अर्थ आपण करतों. परंतु तेथें शब्दांचे अंक परंपरेनें ठरलेले आहेत, वाचनाची दिशा ठरलेली आहे, आणि एवढ्यानें न भागतां संवत्सर, तिथि व वार यांचा त्या शकाशीं मेळ पाहावा लागतो. मेळ न पडल्यास वाचन चुकलें. या लोकांच्या गणितांत चुकण्याची सोयच ठेविलेली नाहीं. एक बेरीज जुळली नाहीं तर दुसरी रीति, एक तारीख जुळली नाहीं तर दुसरी. पांच हजार टिपणें एकीकडे, अध्यक्षांचे हजारों संदेश दुसरीकडे. त्यांत कांहीं जुळून येणें हा काकतालीय न्याय होय. किड्यानें कोरलेल्या लांकडावर अक्षर दिसलें म्हणून किडा साक्षर ठरत नाहीं. जुळलेलें तेवढें नोंदवावयाचें व न जुळलेलें मोजावयाचेंच नाहीं, म्हणजे नुसता अन्वय दाखवावयाचा व व्यतिरेकाकडे पाठ फिरवावयाची. अशा अनुमानास व्याप्तीचा आधार नसतो.

७. या वाचनपद्धतीचा परिणाम काय होतो, हें ‘क्यू’ प्रकट होण्यापूर्वींच एकदां दिसलें होतें. २०१६ च्या शरद्ऋतूंत क्लिंटनपक्षाच्या एका पुढाऱ्याचीं खासगी पत्रें विकिलीक्सनें प्रसिद्ध केलीं. पत्रें अस्सल होतीं. परंतु त्यांतील जेवणाखाण्याचे साधे शब्द ही सांकेतिक भाषा आहे, असें कांहीं वाचकांनीं ठरविलें, आणि वॉशिंग्टन येथील एका पिझ्झाच्या उपाहारगृहाच्या तळघरांत मुलें कोंडलेलीं आहेत, असा निष्कर्ष काढला. ४ डिसेंबर २०१६ रोजीं एक इसम मुलांस सोडविण्याकरितां बंदूक घेऊन तेथें शिरला व त्यानें गोळ्या झाडल्या. तेथें मुलें नव्हतीं, तळघरही नव्हतें. सुदैवानें कोणी जखमी झालें नाहीं. २०१७ मध्यें त्यास चार वर्षांची शिक्षा झाली. अस्सल कागदाचें खोटें वाचन बनावट कागदापेक्षां कमी घातक नसतें, हें या उदाहरणावरून ध्यानांत यावें. ६ जानेवारी २०२१ रोजीं अमेरिकेच्या संसदगृहावर जो जमाव चालून गेला त्यांत ‘क्यू’ हें अक्षर मिरविणारे लोक होते, हें तर सर्व जगानें पाहिलें.

८. एका घोषणेचा मूळ शोध येथें देतों, कारण तो आपल्या वाचकांच्या आवडीचा आहे. ‘जेथें एक जाईल तेथें आपण सर्व जाऊं’ अशा अर्थाचें एक वाक्य या पंथाचें ब्रीद होतें. तें अध्यक्ष केनेडी यांच्या शिडाच्या नौकेवरील घंटेवर कोरलेलें आहे, अशी अनुयायांत समजूत होती. घंटेवरील लेख म्हटला म्हणजे पहिला प्रश्न, घंटा कोठें आहे? केनेडींच्या नौकेवर अशा लेखाची घंटा दाखवितां आलेली नाहीं. हें वाक्य १९९६ मध्यें निघालेल्या ‘व्हाइट स्क्वॉल’ या चित्रपटांतील आहे. १९६१ मध्यें बुडालेल्या एका शाळा-नौकेवर तो चित्रपट बेतलेला असून, घंटाही त्यांतील नौकेवरची. म्हणजे नाटकांतील सामान उचलून तें इतिहासपुरुषाच्या नांवावर घातलें गेलें. हा शोध लावण्यास एका दुपारीपेक्षां अधिक वेळ लागत नाहीं. जे रात्रंदिवस ‘स्वतः संशोधन करा’ म्हणून इतरांस सांगत होते त्यांनीं स्वतःच्या ब्रीदवाक्याचें मूळ पाहिलें नाहीं. संशोधन ही त्यांची घोषणा होती, कृति नव्हती, असें म्हणण्यास एवढा पुरावा पुरे.

९. या समुदायांत आणखी एका विद्येचें देणेंघेणें चालतें : स्वतःस कसें लपवावें. टॉरसारख्या आडवाटेनें इंटरनेटवर जावें, खरें नांव कोठेंही देऊं नये, छायाचित्र पाठविण्यापूर्वीं त्याच्या पोटांत असलेली वेळ, स्थळ व यंत्र यांची नोंद पुसून टाकावी, इत्यादि. ज्या टॉरवर हे सरकारद्वेष्टे विसंबतात त्याची मूळ कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेंतच निघाली, ही मौजेची गोष्ट सोडून देऊं. सप्टेंबर २०२० मध्यें खुद्द टिपणांतूनच अनुयायांस आदेश झाला कीं, वेष पालटा, ‘क्यू’चें नांव टाका. जानेवारी २०२१ मध्यें ट्विटरनें सत्तर हजारांहून अधिक खातीं बंद केलीं तेव्हां मंडळी दुसऱ्या आडोशाखालीं गेली. स्वतःचें खासगीपण राखण्यांत दोष मुळींच नाहीं. तो प्रत्येकाचा हक्क आहे. परंतु ज्या छायाचित्रास आपण पुरावा म्हणून पुढें करतों त्यावरील नोंद पुसणें म्हणजे कागदाच्या पाठीवरील शेरे व तारीख खरवडून मग तो परीक्षणास देणें होय. रक्षणासाठीं जें योग्य तेंच प्रमाणासाठीं घातक, हा भेद त्यांनीं केला नाहीं.

१०. मग निनांवी साक्षीदार सर्वथा त्याज्य समजावा काय? तसें नाहीं. ८ मार्च १९७१ रोजीं पेन्सिल्व्हेनियांतील मीडिया या गांवीं कांहीं नागरिकांनीं तेथील केंद्रीय गुप्तपोलिसांची, म्हणजे ‘एफबीआय’ची कचेरी फोडून दप्तर नेलें, आणि त्यांतील कागद आपलें नांव न देतां वर्तमानपत्रांस पाठविले. सरकार आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवीत होतें, हें त्यावरून उघड झालें. म्हणजे कट असतात, सरकारें लपवालपवी करतात, हा संशय निराधार नव्हे. कागद पाठविणारांचीं नांवें २०१४ पर्यंत बाहेर आलीं नव्हतीं. तरी कागदांची सत्यता १९७१ मध्येंच ठरली. याचें कारण उघड आहे. त्यांनीं स्वतःस लपविलें, पण कागद पुढें ठेविला; तो कागद इतरांस तपासतां आला, आणि तो छापूं नका म्हणून सरकारनेंच वर्तमानपत्रास विनविल्यामुळें त्याचा अस्सलपणा आणखी दृढ झाला. ‘क्यू’नें स्वतःसही लपविलें आणि कागदही लपविला, पुढें ठेविले ते केवळ प्रश्न. दोष निनांवीपणाचा नसून कागदाच्या अभावाचा आहे, हा या परीक्षणाचा मुख्य निष्कर्ष होय.

११. लेखक कोण, या प्रश्नाकडे शेवटीं विद्वानांचें लक्ष गेलें. स्वित्झर्लंडमधील एका मंडळीनें तीन तीन अक्षरांच्या समूहांचीं आवर्तनें मोजून, आणि फ्रान्समध्यें फ्लोरियां काफिएरो व जां-बाप्तिस्त कां यांनीं दुसऱ्या रीतीनें, टिपणांची शैली संशयित लेखकांच्या शैलीशीं ताडून पाहिली. यांपैकीं कां हे पॅरिस येथील ‘एकोल दे शार्त’ या १८२१ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंतील. जुनीं हस्तलिखितें व सनदा वाचण्याचें शास्त्र शिकविण्यासाठींच ती संस्था निघाली. मोलिएरचीं नाटकें मोलिएरचींच, हें या दोघांनीं २०१९ मध्यें याच पद्धतीनें दाखविलें होतें. फेब्रुवारी २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, आरंभींचीं टिपणें दक्षिण आफ्रिकेंतील एका संगणकजाणत्या गृहस्थाच्या शैलीशीं, व नंतरचीं टिपणें फलक चालविणाऱ्या घराण्यांतील एका तरुणाच्या शैलीशीं जुळतात. दोघांनींही ही गोष्ट नाकारली आहे; शैलीची साक्ष ही संभवाची साक्ष असल्यामुळें त्यांचा इन्कारही नमूद केला पाहिजे. परंतु दोन स्वतंत्र मंडळ्या निरनिराळ्या मार्गांनीं एकाच ठिकाणीं पोंचल्या, आणि त्यांची रीति इतरांस पडताळतां येते, एवढें खरें. जुन्या पोथ्यांचें शास्त्र नव्या भ्रमावर असें उपयोगीं पडलें, याचा आपणांस संतोष वाटावा.

१२. हा सर्व प्रकार परदेशांतला म्हणून आपण निश्चिंत राहूं नये. या रीतीचें संशोधन महाराष्ट्रीयांच्या परिचयाचें आहे. कै. पु. ना. ओक यांनीं १९६४ मध्यें भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठीं एक संस्था काढली, आणि ताजमहाल हें मूळचें शिवालय होय, व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिस्ती धर्म म्हणजे कृष्णनीति, असे सिद्धांत मांडले. ध्वनि सारखा म्हणून व्युत्पत्ति तीच, ही रीति यास्काच्या किंवा पाणिनीच्या कोणत्याही विद्यार्थ्यास मान्य होणार नाहीं. ताजमहालाविषयीं त्यांचा मोठा आधार ‘पादशाहनामा’ या ग्रंथाचा. ती जागा राजा मानसिंहाच्या वाड्याची होती, असें त्यांत आहे. परंतु तोच ग्रंथ पायाचें खोदकाम पाणी लागेपर्यंत नेल्याचें व त्यावर इमारत उभारल्याचें सांगतो, आणि त्या जागेच्या मोबदल्यांत राजा जयसिंहास हवेल्या दिल्याचें १६३३ सालचें फर्मान उपलब्ध आहे. कागदांतील एक ओळ घ्यावयाची व पुढच्या ओळी सोडावयाच्या, हें वाचन नव्हे. त्यांचा अर्ज २००० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें फेटाळला. तेथील बंद खोल्या उघडाव्यात असा दुसऱ्याचा अर्ज मे २०२२ मध्यें अलाहाबाद उच्च न्यायालयानें फेटाळला. तरी मोबाइलवर हे सिद्धांत हातोहात फिरतच आहेत.

१३. येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपले आद्य संशोधकही हौशीच नव्हते काय? राजवाडे यांजपाशीं विद्यापीठाची गादी नव्हती. प्रस्थापित इतिहासकारांवर त्यांचाही विश्वास नव्हता. आणि गांवोगांव फिरून त्यांनीं कागद गोळा केले. मग भेद कोणता? भेद असा कीं, १८९८ मध्यें त्यांनीं साधनांचा पहिला खंड काढला तेव्हां प्रस्तावनेबरोबर मूळ पत्रें छापलीं. प्रस्तावनेंतील मतें ज्यास अमान्य होतीं त्यानें तींच पत्रें घेऊन त्यांचें खंडन करावें, आणि तसें खंडन पुढें पुष्कळांनीं केलेंही. सुखटणकरांनीं महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करतांना त्याज्य पाठ फेंकून दिले नाहींत. ते पृष्ठाच्या तळाशीं ठेविले, कीं वाचकास आपला निर्णय फिरवितां यावा. आपल्याविरुद्ध जाणारें साधन आपल्याच हातानें प्रतिपक्षास देणें, ही संशोधकाची खूण आहे. हौशी कीं पदवीधर हा प्रश्न गौण होय.

१४. या कसोटीवर आपलें वर्तन तरी सदैव उतरतें काय? ‘एका घराण्याच्या दप्तरांतून’ एवढाच पत्ता देऊन छापलेलीं पत्रें, मूळ कोणास न दाखवितां केलेलीं वाचनें, ‘संग्राहकाच्या कृपेनें’ म्हणून संपविलेल्या चर्चा आपल्या नियतकालिकांतून आजही आढळतात. मालकास चोराची व दलालाची भीति असते, हें मान्य. परंतु त्यास उपाय आहे. मालकाचें नांव न छापतां मूळाचें संपूर्ण छायाचित्र, पाठीवरील शेऱ्यांसुद्धां, मंडळाच्या दप्तरीं ठेवावें, व त्याचा अनुक्रमांक लेखांत द्यावा. मनुष्य लपला तरी चालेल. कागद लपतां कामा नये. त्याचबरोबर प्रत्येक लेखकानें उलट पुरावा स्वतः नोंदवावा, आणि कोणतें साधन निघाल्यास आपण हें मत सोडूं तें आरंभींच सांगावें. एवढें आपण केलें नाहीं, तर पुराव्यावांचून विश्वास ठेवण्याची संवय आपणच वाचकास लावीत आहों. आणि ती संवय लागलेला वाचक उद्यां कोणत्याही एकाक्षरी सहीपुढें मान तुकवील. इत्यलम्.